अकरा दिवस अठ्ठावन्न

थंडीची तालीम मी सिंगापुरातच केली. जुरोंगला गोठवलेल्या मासळीचं एक मोठं गोदाम आहे. तिथल्या व्यवस्थापकाने नवऱ्याच्या ओळखीखातर मला अर्धा तास आत उभं राहू दिलं. उसना आणलेला जाड कोट, त्याच्या आत दोन स्वेटर, हातात एकावर एक दोन मोजे अशी मी कोळंबीच्या खोक्यांमध्ये उभी राहिले आणि मोज्यांतून स्क्रू फिरवता येतो का ते पाहिलं. येत नव्हता. मोजे काढले तर दोन मिनिटांत बोटं ऐकेनाशी झाली. बाहेर आले तेव्हा चष्म्यावर पांढरा थर बसला आणि मला काहीच दिसेना. आठ वर्षांची माझी मुलगी म्हणाली, "आई, कॅनॉट लाह. यू लुक लाइक अ बोल्स्टर." गादीवरच्या लोडासारखी दिसत होते म्हणे. आम्ही तिघं हसलो. नवरा हसता हसता थांबला आणि त्याने माझा हात हातात घेऊन बोटं एकेक करून दाबून पाहिली.

मी तेव्हा बुओना व्हिस्टाच्या एका छोट्या कंपनीत होते. आम्ही बर्फाची जाडी मोजणारे डबे बनवायचो. बारा महिने घाम येणाऱ्या गावात बसून बर्फ मोजायचा, याची थट्टा आमची आम्हीच करायचो. कल्पना साधी होती. गोठलेल्या तळ्यात एक भोक पाडायचं, त्यातून एक लांब दांडी पाण्यापर्यंत सोडायची. दांडीवर बोटाबोटाच्या अंतराने तापमान मोजणारे ठिपके, वरच्या टोकाला डबा. वरची हवा खूप थंड, बर्फ त्याहून कमी थंड, खालचं पाणी आणखी कमी. हे फरक कुठे पडतात त्यावरून बर्फ किती जाड ते गणिताने काढायचं आणि उपग्रहामार्फत आमच्याकडे पाठवायचं. ते गणित मी लिहिलं होतं. लिहिलं तेव्हा मी खरा बर्फ फक्त फ्रिजमध्ये आणि उसाच्या रसाच्या गाडीवर पाहिला होता.

त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला आमच्या लोकांनी फिनलंडच्या पार उत्तरेला, जंगलातल्या एका लांबलचक तळ्यात असे तीन डबे बसवले होते. मार्च संपता संपता, बर्फ फुटायच्या आत, ते काढून आणायचे होते. ज्याने जायचं ठरलं होतं त्याची बायको बाळंतपणाला आली होती, म्हणून मी हात वर केला. नवरा जहाजावर इंजिनीअर, त्या वेळी सुटीवर घरी होता. तो म्हणाला, "जा तू. मी सहा-सहा महिने जातो, तू दोन आठवडे गेलीस तर काय बिघडलं?" मग जरा वेळाने, भांडी पुसता पुसता म्हणाला, "पण एक लक्षात ठेव. वर कितीही घट्ट दिसलं तरी खाली पाणीच आहे."

तीन विमानं बदलून मी पोचले. शेवटचा प्रवास गाडीने, दोन्ही बाजूंना सरळ, काळपट झाडं, मध्ये पांढरा रस्ता. माणूस दिसत नव्हता. गावात एक पेट्रोल पंप आणि त्याला लागून दुकान, एवढीच वर्दळ. दुकानात कॉफीच्या यंत्राशेजारी भिंतीवर टीव्हीसारखा एक पडदा लावलेला होता. त्यावर तळ्याचा नकाशा, तीन हिरवे ठिपके आणि प्रत्येकापुढे एक आकडा. आमचे आकडे. आमच्या तिथल्या भागीदाराने लोकांच्या सोयीसाठी हे केलं असल्याचं मला कागदोपत्री माहीत होतं, पण प्रत्यक्ष पाहून मी चपापले. पावाचं पाकीट घेतलेला एक माणूस जाता जाता थांबला, आकड्यांकडे बघून मान हलवली आणि गेला. दुकानदार मोठ्या कौतुकाने म्हणाला, "आता सगळे इथे बघूनच तळ्यावर जातात."

मला घ्यायला आलेली बाई मात्र पडद्याकडे पाठ करून उभी होती. वय पासष्टच्या पुढे, बुटकी, रुंद, चेहरा उन्हाने तांबूस झालेला. तळ्याच्या काठावर एकटी राहायची, बर्फाखाली जाळी लावून मासे धरायची आणि आमच्यासारख्यांना वाट दाखवायची. तिला कामापुरतं इंग्रजी येत होतं. माझ्या बुटांकडे बघून ती म्हणाली, "हे चालणार नाहीत," आणि गाडीतून स्वतःचे जुने बूट काढून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पुढे ती स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची मोटरगाडी, चालवत होती, मागे बांधलेल्या लाकडी घसरगाडीवर रेनडिअरच्या कातड्यावर मी आणि आमचं सामान. पारा उणे बावीस. ऊन मात्र लख्ख, इतकं की काळा चष्मा लावूनही डोळ्यांत पाणी यायचं आणि पापण्यांवर गोठायचं. रात्रभरात वरचा बर्फ कडक होतो, म्हणून सकाळी लवकर जायचं. दुपारी तो मऊ पडतो, मग थांबायचं, असं तिने समजावलं. "हिवाळा संपताना सगळं चांगलं दिसतं," ती म्हणाली. "ऊन असतं, दिवस मोठा असतो, थंडी कमी असते. माणसं याच दिवसांत जातात."

जातात म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

पहिला डबा तिच्या घरासमोरच होता, तो तासाभरात निघाला. काम चालू असताना पायाखालून एक आवाज आला. लांब कुठेतरी सुरू होऊन तो आमच्या खालून धावत गेला आणि दुसऱ्या काठाला जाऊन थांबला, ताणलेल्या तारेवर कुणी हातोडी मारावी तसा. मी उडीच मारली. ती हसली. "हा चांगला आवाज आहे. बर्फ बोलतोय तोवर घाबरू नकोस. गप्प असेल तिथे सांभाळ."

दुसरा डबा वीस-एक किलोमीटर उत्तरेला होता. तो काढेपर्यंत दुपार झाली, बर्फ चिकट होऊ लागला, तेव्हा आम्ही काठावरच्या एका झोपडीत मुक्काम केला. चार फळ्यांचे बाक, एक लोखंडी शेगडी. तिने सुके मासे आणि काळा पाव काढला, मी बरोबर आणलेल्या मेथीच्या ठेपल्यांवर लिंबाचं लोणचं घालून तिला दिलं. तिने सावकाश चावून खाल्लं आणि "तिखट आहे, पण दिशा कळते," असं काहीतरी म्हणाली. मला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. आजही लागलेला नाही.

झोपायच्या आधी मी उपग्रहाच्या फोनवरचे निरोप पाहिले. माझे वरिष्ठ, मृदू बोलणारे सिंगापुरी गृहस्थ, त्यांचा निरोप होता: तिसरा डबा व्यवस्थित, जाडी अठ्ठावन्न सेंटीमीटर, उद्या काढून घ्या. अठ्ठावन्न म्हणजे वरून मोटार जाईल. मी निर्धास्त झोपले.

तिसरा डबा तळ्याच्या चिंचोळ्या भागात होता. दोन्ही काठ तिथे जवळ येतात आणि खालून नदीचा प्रवाह जातो. सकाळी आम्ही तासभर गेलो असू. आभाळ भरून आलं होतं, ऊन नाहीसं झालं आणि बर्फ व आभाळ एकाच करड्या रंगाचे झाले. अचानक तिने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

समोर, पूर्वेकडच्या काठावरून आलेली, दुसऱ्या एका स्नोमोबाइलची चाकोरी होती. ती सरळ चिंचोळीकडे गेलेली.

ती खाली उतरली, गुडघ्यावर बसली आणि चाकोरीच्या कडेवरून बोट फिरवलं. "कालची," ती म्हणाली. "दुपारची. बर्फ मऊ असतानाची." मग एका बाजूची रेघ दाखवली. तिच्या कडेला एक बारीकशी वेगळी रेघ होती. "माझ्या शेजाऱ्याची गाडी. त्याची पुढची एक घसरपट्टी वाकलेली आहे. चिंचोळीच्या पलीकडे त्याची जाळी असतात."

"मग गेले असतील जाळी बघायला," मी म्हणाले.

"मार्चमध्ये तो इथून कधीच जात नाही. काठाने, जंगलातून जातो. त्याचे वडीलही तसेच जायचे." ती उभी राहिली आणि चाकोरीच्या दोन्ही बाजूंना बराच वेळ बघत राहिली. "गेल्याची खूण आहे. परत आल्याची नाही."

मी घाईघाईने टॅबलेट काढला. "अठ्ठावन्न आहे," मी तिला दाखवलं. "हे बघा, आज सकाळचं. अठ्ठावन्न सेंटीमीटर. काही होणार नाही."

तिने आकड्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "किती दिवसांपासून अठ्ठावन्न आहे?"

मी मागे जाऊन पाहिलं. काल अठ्ठावन्न. परवा अठ्ठावन्न. मागे जात राहिले. अकरा दिवस. त्याआधी रोज थोडा खाली-वर होणारा आकडा अकरा दिवस एका जागी खिळला होता. सिंगापुरात असताना, रोज सकाळी एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, उभ्या उभ्या फोनवर मी हा आकडा बघत होते. एकदा मनात आलंही होतं की आज पण तोच? मग माझं स्टेशन आलं होतं.

"बर्फ अकरा दिवस तसाच राहत नाही," ती म्हणाली. "वाढतो, नाहीतर मरतो."

तिथे उभ्या उभ्या मला माझीच एक ओळ आठवली. गणित लिहिताना मी विचार केला होता की एखाद दिवशी दांडीवरच्या ठिपक्यांत फरकच सापडला नाही तर काय करायचं? तेव्हा मी लिहिलं होतं की फरक सापडला नाही तर शेवटचा विश्वासाचा आकडा कायम ठेव. यंत्र एखाद दिवस गोंधळलं तर आकडा उगाच उडू नये, एवढाच हेतू. पण खालून वाहतं पाणी आणि वर पडलेल्या भुसभुशीत बर्फाची जाड गोधडी असेल तर हिवाळा संपताना खालचा बर्फ शून्याला येऊन टेकतो. पाणीही शून्याच्या आसपास. मग फरक सापडणार कुठून? बर्फ खालून झिजत गेला आणि माझा डबा अकरा दिवस अठ्ठावन्न म्हणत राहिला, हिरव्या ठिपक्यासकट.

"दुकानातल्या पडद्यावर पण हाच आकडा आहे," मी म्हणाले.

तिने गाडी वळवून काठावर नेली, माझ्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला, आणि मला काठावरच्या एका झाडाला टेकून बसवलं. मग लोखंडी पहार घेऊन ती चाकोरीच्या कडेने पुढे चालू लागली. एक पाऊल, एक घाव. ठण्. पाऊल. ठण्. मी दोर सोडत होते आणि घाव मोजत होते. पंधरा-सोळा घावांनंतर आवाज बदलला, ओल्या लाकडावर मारावं तसा. आणखी दोन पावलं. मग पहार एकाच घावात आरपार गेली आणि तिच्या पायाशी काळं पाणी वर आलं. बर्फ तिथे काहीच बोलत नव्हता.

ती तशीच पाठमोरी, पाय न उचलता, सरकत मागे आली. पुढे चाळीस-एक पावलांवर आता मलाही दिसलं. पांढऱ्यात एक करडं वर्तुळ होतं, त्यावर रात्रीतून नवी पातळ साय धरलेली, आणि त्या सायीत एक निळं प्लास्टिकचं मासळीचं खोकं अडकलेलं. चाकोरी त्या वर्तुळापाशी संपत होती.

मी रडायला लागले. ती म्हणाली, "थांब. नीट बघ." वर्तुळापासून पश्चिमेच्या काठाकडे एक वेडीवाकडी पट्टी गेली होती, बर्फाचे तुकडे फुटून पुन्हा गोठलेले. "कोपरांनी फोडत गेलाय," ती म्हणाली. "काठापर्यंत पोचलाय. त्या बाजूला लाकूडतोड्यांची जुनी झोपडी आहे."

पश्चिमेच्या काठाला जायला आम्हाला मोठा वळसा पडला. जंगलात बर्फ मांडीपर्यंत होता. गाडी दोनदा रुतली, आम्ही दोघींनी ती ढकलून काढली. मध्येच मी उपग्रहाच्या फोनवरून मदतीचा नंबर लावला. तिने बोलून घेतलं. हेलिकॉप्टर होतं, पण ढग झाडांना टेकले होते, उडता येत नव्हतं. माणूस सापडला तर रस्त्यापर्यंत आणा, रुग्णवाहिका तिथे येते, असं त्यांनी सांगितलं.

मग मी सिंगापूर लावलं. तिकडे दुपार होती. "तो पडदा बंद करा," मी वरिष्ठांना म्हणाले. "तिन्ही आकडे. आत्ता."

"काय झालं? डेटा तर नीट येतोय."

"नीट येत नाहीये. तिसऱ्या ठिकाणी बर्फच नाही. माणूस आत गेलाय."

ते म्हणाले, "आपण आधी मीटिंग घेऊन—"

"सर, मी इथे उभी आहे. आत्ता बंद करा."

त्यांनी बंद केला. हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पाच मिनिटांच्या आत केला.

झोपडीच्या धुराड्यातून धूर येत नव्हता. दारापर्यंत खुरडत गेल्याची खूण होती, पावलांची नव्हती. तिने दारावर हात ठेवला आणि क्षणभर तशीच उभी राहिली. दिवसभरात पहिल्यांदाच मला ती घाबरलेली दिसली. मग तिने दार ढकललं.

म्हातारा शेगडीला पाठ लावून बसला होता, अंगाभोवती जुन्या गादीचं फाडलेलं कापड. आदल्या दिवशी त्याने शेगडी पेटवली होती, आतली लाकडं संपेपर्यंत ती चालली. लाकडाची रास बाहेर, वीस पावलांवर, पण त्याला उठताच येत नव्हतं. आम्ही आत आलो तेव्हा त्याचे डोळे उघडे होते आणि मला वाटलं की उशीर झाला. मग पापणी हलली.

त्याचे पाय मेणासारखे पिवळट पांढरे होते. मी पटकन चोळायला गेले तर तिने माझा हात झटकला. "चोळायचे नाहीत. शेकायचे नाहीत. वाटेत पुन्हा गोठले तर सगळेच जातील." आम्ही त्याला कोरड्या लोकरीत गुंडाळलं, गोड कॉफी घोट घोट पाजली, आणि दोघींनी मिळून घसरगाडीवर घेतलं. मी त्याच्या मागे बसून त्याला छातीशी धरून ठेवलं. सहा तास. जंगलातून, काठाकाठाने, सबंध वाटेत एकदाही गोठलेल्या पाण्यावर न जाता. तो मध्येच थरथरायचा, मध्येच अगदी शांत व्हायचा. शांत झाला की मी त्याच्या कानात मोठ्याने बोलायचे. काय बोलायचं सुचत नव्हतं, म्हणून मराठीत पाढे म्हणत राहिले. एकोणतीसच्या पाढ्यात मी चुकले आणि पुन्हा सुरुवात केली. बर्फ पडू लागला होता. गाडीच्या दिव्यात फक्त तिची पाठ दिसत होती, बाकी काही नाही.

रस्त्यावर रुग्णवाहिका उभी होती. त्यांनी त्याला माझ्या हातांतून घेतलं तेव्हा माझे हात सरळ होईनात.

तो वाचला. डाव्या पायाची चार बोटं आणि उजव्याचा अंगठा काढावा लागला.

तिसरा डबा आम्ही तिथेच सोडला.

सिंगापूरला परतले ती एका दमट संध्याकाळी. घरी मुलगी गळ्यात पडली. नवऱ्याला मी सगळं सांगितलं, ईस्ट कोस्टला समुद्राकाठी चालताना. क्षितिजावर नांगरलेली जहाजं होती, मुलगी पुढे सायकल चालवत होती. शेवटी तो म्हणाला, "अहवालात काय लिहिणार आहेस?"

प्रश्न बरोबर होता. ऑफिसात मसुदा तयार होता. त्यात "अपवादात्मक नैसर्गिक परिस्थिती" असे शब्द होते. वरिष्ठ मला समजुतीने म्हणाले, "हे पण खरंच आहे ना?" खरंच होतं. सिंगापुरात राहायचे आमचे पास कंपनीच्या नावावर, मुलीची शाळा इथे, नवरा पुढच्या महिन्यात पुन्हा जहाजावर जाणार. दोन दिवस मी तो मसुदा उघडायचे आणि बंद करायचे. तिसऱ्या दिवशी मी ते शब्द खोडून लिहिलं की यंत्राला कळत नव्हतं तेव्हाही ते कळतंय असं सांगत होतं, आणि तसं सांगायला त्याला मी शिकवलं होतं. वरिष्ठांनी ते वाचलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि सही केली. मला कुणी काढलं नाही. पुढच्या आवृत्तीत फरक सापडला नाही की आकड्याच्या जागी "माहीत नाही" असं येऊ लागलं. गिऱ्हाइकांना ते आवडलं नाही. काही सोडून गेले. वर्षभराने कंपनी दुसऱ्या कुणी घेतली आणि मी रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत गेले, जिथे माझ्या गणिताने कुणी बुडत नाही. निदान पाण्यात तरी नाही.

पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी मी त्या बाईला फोन केला. तिकडे सकाळ होती. ती शेजाऱ्याच्याच घरी कॉफी प्यायला गेली होती. म्हणाली, बोलायचंय त्याच्याशी? मी सांगते इंग्रजीत.

मी इकडची-तिकडची विचारपूस केली. तो काठी घेऊन चालतो, जाळी आता भाचा बघतो. मग मी धीर करून विचारलं, "तुम्ही त्या दिवशी दुकानातला पडदा बघितला होता का?"

तिने त्याला विचारलं. मग तो बोलला, हळू, चार-पाच वाक्यं.

"तो म्हणतो, बघितला होता," ती म्हणाली. "म्हणतो, वडिलांनी सांगितलेलं पण आठवत होतं. दोन्ही डोक्यात होतं. पाय दुखत होते, वळसा लांब होता, म्हणून त्याने तुझं ऐकलं."

मी "सॉरी" म्हणाले. ती ते त्याला सांगत असताना तो मध्येच काही बोलला.

"विचारतोय, उन्हाळ्यात येशील का? डास फार असतात, पण मासे चांगले मिळतात."

येईन, असं मी म्हणाले. अजून गेलेले नाही.